दोनशे चार ओळींची बाही

ती. ताईस,

साष्टांग नमस्कार. (कंबर धरली आहे, त्यामुळे प्रत्यक्षात खुर्चीतच बसलोय, पण मनाने पार आडवा झालोय असं समज.) भावोजींचा खोकला कसा आहे? भाचीबाईंचा पुढचा दात आला का? मी बरा आहे. निदान ऑफिसातले लोक अजून तरी तोंडावर तसंच म्हणतात.

तू रविवारी जेवायला बोलावलंस. त्या जेवणाला तुझी ती दंतवैद्य मैत्रीणही 'सहजच' येणार आहे, हे तू एका फोनमध्ये तीनदा सहजच सांगितलंस, तेव्हाच मी काय ते ओळखलं. फोनवर तुला नाही म्हणायची माझी छाती नाही, म्हणून कागद घेतला. कागदावर तुला मला मध्येच तोडता येत नाही. तेव्हा आता शेवटपर्यंत वाच, आणि भुवया खाली घे. मला इथून दिसतात.

तू चारचौघांत सांगतेस, की आमचा धाकटा कंप्युटरमध्ये आहे (जणू मी आतच राहतो). खरं काम ऐक. आमची कंपनी विणकामाची यंत्रं बनवते. यंत्राला स्वेटर कसा विणायचा ते आज्ञा टाइप करून सांगावं लागतं. कुणाचं अडलं, की तो आमच्या फोरमवर (म्हणजे इंटरनेटवरच्या आमच्या चावडीवर) येतो आणि प्रश्नात आपल्या आज्ञा चिकटवतो. तिथे माझं नाव 'राखणदार'. आता या फोरमची एक खोड आहे. मजकुरात दोन चांदण्या (* ही खूण) दिसल्या, की तो त्या गिळून टाकतो आणि मधलं सगळं तिरकं करून ठेवतो. आज्ञेत चांदणी म्हणजे गुणाकार. वीस ओळी चार वेळा विणायच्या, तर 20*4. चांदणी गेली की उरतात दोनशे चार! यावर उपाय एवढासाच, की आज्ञेच्या दोन्ही अंगांना बॅकटिक नावाची टिचभर तिरकी रेघ द्यायची (कीबोर्डच्या डाव्या कोपऱ्यात असते, जिथे बिस्किटाचा चुरा साठतो). लोक ती द्यायला विसरतात. मी दिवसभर ती देत बसतो. याला पगार मिळतो, हसू नकोस.

पण काय सांगू ताई, रेघ दिली ना, की ती आज्ञा वाक्याच्या मधोमध फिकट राखाडी चौकटीत, मोनोस्पेस अक्षरांत उभी राहते. म्हणजे प्रत्येक अक्षराला सारखीच जागा. एवढंसं टिंब असलं तरी त्याला ऐसपैस अक्षराइतकीच खुर्ची. आजूबाजूला वाक्यं नुसती रेटारेटी करत असतात, आणि मधेच एवढा तुकडा कसा निवांत, खिडकीशी बसल्यासारखा. मी बघतच राहतो. चहा गार होतो. हल्ली तर जिना उतरतानाही कानावर पडलेल्या शब्दांना मनातल्या मनात चौकटी घालत असतो. परवा साहेब लिफ्टमध्ये काहीतरी महत्त्वाचं सांगत होते आणि मी त्यातला कुठला शब्द राखाडीत शोभेल ते बघत होतो. (विषय पगारवाढीचा होता असं नंतर कळलं. होणार नव्हतीच, त्यामुळे नुकसान काही नाही.)

तर या फोरमवर 'अर्धीबाही' नावाची एक बाई आहे. एकटीच स्वेटर विणून विकते, दुकानाच्या मागच्या खोलीत यंत्र आहे, एवढंच ठाऊक. तिने दुसऱ्या कुणाची तरी चांदण्या गिळलेली आज्ञा जशीच्या तशी उचलली, आणि यंत्राने इमानेइतबारे दोनशे चार ओळींची बाही विणली. मी तेव्हा तुझ्याकडे सुट्टीवर होतो, म्हणजे यात थोडा दोष तुझाही आहे. परत येऊन बघतो तर तिचा संताप! ही बाही घालून माणूस नुसता उभा राहिला तरी फरशी पुसून निघते, असं तिने लिहिलं होतं. चांदण्या त्यातही गायब होत्या. मी माफी मागितली आणि हळूच चौकटी घातल्या. खाली तिने लिहिलं, की आता कसं मोकळं वाटतंय.

मग ती रोज काहीतरी विचारायची, कधी गळ्याचं, कधी खिशाचं, आणि दर वेळी सगळं विस्कटलेलं. मी एकेक आज्ञा आवरायचो. माझे दिवस फार छान चालले होते गं. पण मी पडलो शहाणा! एके दिवशी तिला रेघ कशी द्यायची ते शिकवून बसलो. दुसऱ्या दिवसापासून तिचा प्रत्येक प्रश्न असा नीटनेटका, की हात लावायला जागा नाही. माझं जेवणावरून मन उडालं. तू फोनवर विचारलंस ना, आवाज असा का येतोय म्हणून? तो यामुळे.

आणि मग गेल्या आठवड्यात तिचा प्रश्न परत विस्कटलेला आला! तिरका, चांदण्या गायब. आता राखणदाराला एक गोष्ट दिसते जी इतरांना दिसत नाही: लिहिणाऱ्याने आधी काय लिहिलं आणि मागून काय बदललं. मी सहज बघितलं. तिने आधी सगळ्या रेघा अगदी जागच्या जागी दिल्या होत्या. मग परत येऊन एकेक करून काढल्या.

ताई, मी अख्खी दुपार लावून त्या चौकटी घातल्या.

भावोजींना नमस्कार, भाचीला पापा.

तुझा,
धाकटा

ता. क. : आता खरं काम. तुला विणता येतं. फोरमवर खातं काढ आणि तिला आपलं बायकाबायकांत विचार, की बाई गं, रेघा का काढल्यास? मला विचारायचा धीर होत नाही. उत्तर भलतंच आलं, तर मी मुकाट्याने रविवारी येतो आणि दंतवैद्यबाईंसमोर आ करून बसतो.

ता. क. २ : भावोजींना यातलं काही सांगू नकोस. ते पहिल्यांदा विचारतील, दिसायला कशी आहे? मला ते माहीत नाही. ती टाइप कशी करते, एवढंच माहीत आहे.

ता. क. ३ : पाकीट चिकटवणार, तोच ऑफिसच्या पत्त्यावर 'राखणदार यांस' असं पार्सल आलं. आत एकच बाही आहे. तीच ती, दोनशे चार ओळींची, घडी घालून घालून बसवलेली. सोबत दुकानाच्या पत्त्याखाली हाताने लिहिलेली चिठ्ठी : 'दुसरी बाही बरोबर जमली आहे. घालून बघायला रविवारी या.' आणि त्यातल्या 'या'च्या दोन्ही अंगांना पेनाने काढलेल्या दोन टिचभर तिरक्या रेघा.

खातं काढू नकोस. जेवायला माझी वाट बघू नका, माझ्या वाटचं दंतवैद्यबाईंना वाढ.