बागेतली तांबडी माती

मंगळवार, दिवेलागण. जुन्नर.

मेथी अजून ओट्यावरच पडलीय. निवडायला हातच जात नाही.

आमच्या सोसायटीच्या जागी पूर्वी जुन्या बॅटऱ्या वितळवून शिसं काढायची भट्टी होती. घरं बांधण्याआधी बिल्डरनं वरची विषारी माती काढली, चांगली आणून टाकली, तिच्यावर बाग केली. आम्ही निर्धास्त झालो. काढलेली माती कुठं गेली, हे कुणीच विचारलं नाही. मीसुद्धा नाही. का नाही?

आज दादा गावाहून मेथी घेऊन आला. चहा पिता पिता खिडकीतून बागेकडं बघत म्हणाला, "ही तांबडी माती आपल्या वरच्या वावरातली हाय. तुमच्या बिल्डरच्या डंपरवाल्यानं नेली."

"मग वावरात काय उरलं?"

"बदल्यात काळी टाकली की त्यानं, फुकट! धरणातल्या गाळावानी. तुझ्या वहिनीनं त्यातच मेथी केलीया. बघ, कशी लुसलुशीत हाय."

आमच्याकडं उन्हाळ्यात धरणाचा गाळ वावरात टाकतात. काळी माती दिसली की सोनंच वाटतं. दादाला कुठल्या तोंडानं बोलू? त्या बिल्डरला मात्र ती मेथी चारावी.

भट्टीचं सगळं सांगितलं. आधी हसला. मग जुडीकडं बघत राहिला. "पोरं रोज खात्यात गं," म्हणाला आणि अर्धा चहा तसाच ठेवून उठला.

खाली बागेत मुलं मातीत खेळताहेत. आया बाकावर निवांत बसल्यात. त्यांचं बरोबरच आहे. माती चांगली आहे. माझ्या बापाच्या वावरातली आहे.