मन राखण्याचा शेला

श्रावण शुद्ध नवमी, तिन्हीसांजा

आज निकाल लागला. सरकारवाड्यावर वेळ मोजायला काशीहून शिकून आलेल्या शास्त्र्यांची वाटी नेमली, माझी नाही. तळाला भोक असलेली वाटी पाण्यावर ठेवली की बरोबर एका घटकेत बुडायला हवी. त्यांची एक पळ आधीच बुडते. मी तीन दिवस तपासून सांगितलं. एक पळ! म्हणजे दिवसाच्या साठ घटकांत साठ पळं, पुरी एक घटका चुकते. कारभाऱ्यांनी एवढंच विचारलं, "आपले गुरू कोण?" कोणी नाही, म्हणालो. तिथेच संपलं.

मग माझं मन राखायला शेला दिला आणि वर म्हणाले, "आपण बारकाईचे गृहस्थ. उद्यापासून शास्त्र्यांच्या वाटीवर आपणच बसा, टोल द्या." सरकारातून आलेला शेला घ्यायचा, तसं त्यासोबतचं कामही घ्यायचं. नाही म्हणायची सोय कुठे? हरलेल्याला शेला कशाला देतात ते आता कळलं. त्याने पुन्हा तोंड उघडू नये म्हणून.

घरी येतो तर हिने आळीभर साखर वाटलेली. "अहो, घडी कसली घालताय? उद्या अंगावर घेऊन जा, लोकांना दिसू दे की!" हिला काय सांगू?

निघताना त्या एका पळाचं मी कारभाऱ्यांना पुन्हा विचारलं होतं. हसून म्हणाले, "पुण्यात कोणाला कळणार आहे?"

मला कळणार आहे. उद्या सूर्योदयाचा पहिला टोल सूर्य पाहून द्यायचा, तेवढा बरोबर पडेल. त्यानंतरचे सगळे चुकीचे, आणि तेही माझ्या हातचे.