सात दिवसांचं पाणी

आबा, आज बाथरूमच्या कोपऱ्यात उकिडवं बसून मी सिलिकॉनची रेघ ओढली आणि ती सरळ आली. तुमच्या काळी ही वस्तू नव्हती. बंदुकीसारख्या लोखंडी सांगाड्यात एक नळकांडं बसवायचं, घोडा दाबला की टोकातून पांढरा, मऊ, डिंकासारखा पदार्थ निघतो. तो फरशी आणि भिंत मिळतात त्या सांध्यात भरला की पाणी झिरपत नाही. तुम्ही आधी हसला असता आणि मग अंगठ्यानं दाबून पाहिलं असतं. नांदेडला माझं घर दुसऱ्या मजल्यावर आहे. सांधा उघडा पडला होता, खालच्या बाईंच्या छताला ओल आली होती. मिस्त्री तीनदा येतो म्हणाला आणि एकदाही आला नाही, तेव्हा चिडून मीच करायला घेतलं. जन्मभर नर्स म्हणून लोकांना सुया टोचल्या, हात थरथरत नाही अजून. पण हे सांगायला मी लिहीत नाही. लातूरच्या हौदाचं एक खोटं माझ्याकडे राहून गेलं आहे.

खरं तर आजची रेघ दुसरी. पहिली तीन आठवड्यांपूर्वी घातली आणि चार दिवसांत ती शेवईसारखी अख्खी निघून हातात आली. कारण सांगते, तुम्हाला पटेल. सांधा खरवडून झाल्यावर मी मगभर पाणी घेतलं आणि आधी कोपरा भिजवला, अगदी तुम्ही भिजवायचात तसा. कुणी सांगितलं नव्हतं, हातच गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या रेघेवर परत पाणी शिंपडलं. सामानाच्या दुकानातल्या म्हाताऱ्या मालकांनी ते ऐकून कपाळाला हात लावला. "ताई, हे सिमिट न्हाई. ह्याला पाणी पाजलं की हे धरतच न्हाई. सांधा पार कोरडा ठणठणीत पायजे, दोन दिवस थेंब लागू देऊ नका." मी मान डोलावली. मग म्हणाले, "तुम्ही गवंड्याच्या घरच्या दिसता." मी नळकांडं उचललं आणि बाहेर पडले.

लातूर जिल्हा नवा झाला होता. जिकडे तिकडे कचेऱ्या, क्वार्टर उठत होते आणि गवंड्याला मान होता. कंधारकडचं गाव सोडून आपण तिघं तिथं कामाच्या जागेवरच पत्र्याच्या शेडमध्ये राहत होतो. पाऊस मात्र रुसला होता. टँकर आला की भांडणं ठरलेली. म्हणून तर क्वार्टरच्या मागं तो मोठा हौद बांधायचं निघालं आणि कामाचा ठेका घेतलेल्या गुत्तेदारानं तो तुमच्याकडेच दिला, कारण तुमच्या हातचा हौद गळत नाही असं सगळे म्हणायचे. तळ आणि भिंत मिळतात तो कोपरा तुम्ही बाटलीच्या बुडानं गोल करत होता, ते मला अजून दिसतं. मांडी घालून आत बसलेले आहात, जीभ ओठांच्या कोपऱ्यात, आणि मी वर काठावरून बघते आहे. "भिताडात कधी गळत न्हाई पोरी," तुम्ही म्हणता, "गळतंय ते सांध्यात."

गिलावा झाला आणि त्याच संध्याकाळी गावाहून निरोप आला की आजीचं काही खरं नाही. तुम्ही आणि आई निघालात. मला मागं ठेवलंत ते फक्त त्या हौदासाठी. रोज दोन घागरी पाणी गुत्तेदारानं हौदाला बांधून दिलं होतं. सकाळी एक, दुपारी एक, कोपऱ्यांवरून आणि भिंतीवरून हळूहळू सोडायची, वर ओली पोती टाकायची. "सात दिवस. तहानलेलं सिमिट फुटतंय, ध्यानात ठेव. तू माझ्या जागी हायस." शेजारच्या शेडमधल्या मावशीला माझ्यावर लक्ष ठेवायला सांगून तुम्ही गेलात. मला चौदावं लागलं होतं.

पहिल्या दिवशी मी थेंबही वाया न घालवता पाणी मारलं. दुसऱ्या दिवशी सकाळी मला पहिल्यांदा पाळी आली. आई नव्हती. मावशीला सांगायची लाज वाटली. काय झालंय हे धड कळत नव्हतं, एवढंच कळत होतं की कुणाला दिसता कामा नये. पिण्याची घागर एकच, तिला हात लावणं शक्य नव्हतं. उरलं होतं ते हौदाचं पाणी. शेडच्या मागं तरटाचा आडोसा होता, तिथं मी ते नेलं. कपडे धुतले, अंग धुतलं, रडले. पोती हौदावर तशीच कोरडी पडून राहिली आणि ऊन तर तुम्हाला माहीत आहे तिथलं. आठव्या दिवशी तुम्ही आलात, आजीचं सगळं तिसऱ्या दिवशीच उरकून, डोक्यावरचे केस काढलेले. थेट हौदाकडे गेलात आणि तिथूनच विचारलंत, "मारलंस न्हवं पाणी?" मी म्हटलं, "हाव."

त्यानंतर काही दिवसांनी हौदात पहिले दोन टँकर रिकामे केले. सकाळी क्वार्टरमधल्या बाया घागरी, बादल्या, तेलाचे डबे घेऊन आल्या तर हौदात वीतभर पाणी उरलं होतं. बाकीचं कोपऱ्यातून निघून मागच्या मातीत गेलं होतं. एक म्हातारी त्या चिखलातलं पाणी वाटीनं भरून घेत होती, तिला कुणी अडवत नव्हतं. गुत्तेदार मोटारसायकलवरून उतरला तो ओरडतच. तुम्ही खाली उतरून कोपऱ्यावर बोट फिरवलंत. केसाएवढ्या भेगा सगळीकडे. तुम्ही वर माझ्याकडे पाहून म्हणालात, "पोरी, सात दिवस मारलंस ना?" मी परत "हाव" म्हटलं. गुत्तेदार म्हणाला, "पोरगी खोटं बोलून राहिली." तुम्ही तेव्हा आवाज चढवलात. मी तुमचा तो आवाज आधी कधी ऐकला नव्हता. "माझी लेक खोटं बोलत न्हाई सायेब. माझ्याच हातात खोट असंल." सगळ्यांसमोर म्हणालात. बाया ऐकत होत्या.

पुढं त्या गावात कुणी तुम्हाला हौद दिला नाही, भिंतही दिली नाही. आपण नांदेडला आलो आणि तुम्ही दुसऱ्या गवंड्यांच्या हाताखाली विटा, टोपली उचलायला लागलात. थापी गोधडीत गुंडाळून ठेवली होती. एकदा एका ओळखीच्या माणसानं ओटा करून मागितला तर तुम्ही नको म्हणालात, "भरवसा न्हाई राह्यला हाताचा." मला वाटलं होतं लोकांनी तुमचं काम काढून घेतलं. तसं नव्हतं. तुम्हीच स्वतःला थापी देत नव्हता. माझ्या नर्सिंगच्या कोर्सला जाताना तुम्ही स्टँडवर माझी ट्रंक डोक्यावर घेऊन आलात. तेव्हाही सांगता आलं असतं.

आणि शेवटी तर मी तुमच्या खाटेशीच होते. छाती धुळीनं गेलेली. हाताची शीर सापडत नव्हती, दुसऱ्या सिस्टरनं दोनदा टोचलं, मग मी आले आणि एका टोचण्यात लागली. तुम्ही माझ्या बोटांकडे बघत म्हणालात, "हात लई साफ हाय गं तुझा. माझा दगा देऊन गेला." वॉर्डात दुपारची सामसूम होती. मी चिकटपट्टी लावली, सलाईनचे थेंब मोजले आणि पुढच्या खाटेकडे गेले. आबा, त्या दुपारसाठी मला माझीच घृणा वाटते.

आता हे लिहायला का बसले ते सांगते. पहिली रेघ निघाली तेव्हा खालच्या बाई वर आल्या, छत आणखी भिजलं होतं. मी चटकन म्हणाले, "काय करू, मिस्त्रीच तसला मिळाला. कसबच नाही त्याच्या हातात." जो मिस्त्री आलाच नव्हता त्याच्यावर ढकललं. इतक्या वर्षांनी, कोणी मारणार नाही, कोणी हाकलणार नाही, तरी तोंडातून तेच.

मग मी ते काम नीट केलं. सांधा पूर्ण खरवडला, तीन दिवस बाथरूम वापरलं नाही, अंघोळीला मैत्रिणीकडे जात राहिले. दोन्ही बाजूंनी कागदी पट्टी चिकटवली, नळकांड्याचं टोक तिरकं कापलं आणि श्वास धरून एका दमात ओढत नेलं. वरून चमच्याच्या पाठीनं गोलाई दिली, तुमच्या बाटलीसारखी. ओलं असतानाच पट्ट्या सोडवल्या. कडा इतकी स्वच्छ आली की मी तिथंच बसून राहिले. संध्याकाळी खाली जाऊन सांगितलं, "मिस्त्री कुणी नव्हता हो. मीच बिघडवलं होतं, आता मीच केलंय." बाई हसल्या. "एवढंच ना? बसा, चहा टाकते." एक मिनिटही लागलं नाही.

हे पत्र कुठं टाकायचं नाही, तेव्हा त्यातसुद्धा खोटं ठेवून काय करू. वर मी पाळीचं लिहिलं ते खरं आहे, पण ती चार दिवसांत थांबली. सहाव्या आणि सातव्या दिवशी मला काहीही झालेलं नव्हतं. दोन भरलेल्या घागरी समोर होत्या, हौद दहा पावलांवर होता. मी आडोशाला जाऊन त्या डोक्यावरून ओतून घेतल्या. कितीतरी महिन्यांनी केस धुतले होते, आबा. मला बरं वाटत होतं.