पीतवीर तांबडा का झाला

११ फेब्रुवारी
सकाळी ईशा आली. पुण्याची, जुन्या मराठी मालिकांवर प्रबंध लिहिते. ‘पीतवीर’चे काही भाग तिला कुठल्याशा गोदामातल्या टेपांवर सापडले आहेत. ती मालिका समूळ नष्ट झाली असावी, असे मानून मी सुखाने निवृत्त झाले होते.

पहिलाच प्रश्न : "मॅडम, तर्कासुराचे संवाद तुम्ही लिहिलेत, हे खरं?" खरे. कॉलेजात तर्कशास्त्र शिकवू लागले होते. दिग्दर्शकाला खलनायक बुद्धिमान हवा होता आणि हिंगोलीत फुकट लिहून देणारे दुसरे कोणी नव्हते. तर्कासुर माणसाला आधी प्रतिज्ञा, हेतू, उदाहरण असे अनुमानाचे सारे अवयव क्रमाने ऐकवी आणि मगच दोरीने बांधी. पीतवीर उत्तरादाखल लाथ मारी. प्रतिवाद म्हणून ती लाथ मला आजही अग्राह्य वाटते.

कापसाच्या बंद पडलेल्या जिनिंग गिरणीत चित्रीकरण. ढग म्हणजे पिंजलेला कापूस. वारा म्हणजे धान्य उफणायचा पंखा. उड्डाण म्हणजे बैलगाडीवर पालथे पडणे. मुखवटा सायकलच्या ट्यूबचा. पीतवीर शिंकला की पुन्हा ढग रचा. एकदा सगळ्यांनी कंटाळून शिंक तशीच ठेवली.

निघताना तिने विचारले, "मुखवट्यामागे कोण होतं?" श्रेयनामावलीत एवढेच : ‘पीतवीर — स्वतः’. खरे नाव तिघांनाच ठाऊक होते. दिग्दर्शक वारले. उरले मी आणि तो स्वतः.

"ठाऊक आहे. सांगणार नाही. शब्द दिला आहे."

ती हसली. मी भाव खाते आहे, असा तिचा समज झालेला दिसतो.

१२ फेब्रुवारी
ईशाचे एक अख्खे प्रकरण रंगावर आहे. पहिल्या भागांत पिवळा असलेला पीतवीर मध्येच तांबडा होतो. तिचा सिद्धान्त : कथेतल्या भावाने केलेल्या विश्वासघाताचा शोक.

वस्तुस्थिती अशी. पोशाख जवळच्या कुरुंदा गावच्या हळदीत रंगवला होता, कारण तीच स्वस्त. एका सकाळी तो तांबडा होऊन आला. कोणी काय केले, कळले नाही. काम थांबवणे परवडणारे नव्हते. मला कारण लिहायला सांगितले. मी लिहिले : "शोकाने माझे रक्त वस्त्रात उतरले आहे."

ईशाने हे वाक्य सद्गदित होऊन वाचून दाखवले. मी म्हटले, आधी रंग बदलला, मग शोक झाला. कार्य आधी आणि कारण नंतर. तिने टिपून घेतले. पटलेले नाही.

१४ फेब्रुवारी
राठोडांचा फोन. मुखवट्यामागे धनसिंग राठोड होते. इतकी वर्षे हे येथेही लिहिले नव्हते. तेव्हा शाळेत पी.टी.चे मास्तर, आज कळमनुरीजवळच्या त्यांच्या तांड्यावरची निम्मी भांडणे त्यांच्या ओट्यावर मिटतात.

"बाई, ती पोरगी कळमनुरीत आपली सिरियल दाखवून राहिली म्हने?"

"दाखवते आहे."

"अन् नाव?"

"माझ्याकडून जाणार नाही."

मग जे सांगितले ते मला माहीत नव्हते. घरी त्यांनी ‘ट्रेनिंगला जातो’ म्हणून सांगितले होते. पहिली मुलगी झाली ती त्याच दिवसांत. निरोप आला होता. दिग्दर्शक म्हणाले, शेवटची मारामारी उरली आहे, थांब. यांनी उलट निरोप धाडला, ट्रेनिंग सोडून येता येत नाही.

"तिकडं कमळा कळा देऊन राहिली व्हती, बाई, अन् मी कापसात पालथा. आता या वयात तिला कळलं तं काय म्हनंल?"

वडिलांचेही सांगितले. तांड्यावर एकच टीव्ही. पीतवीर उडाला तसे म्हातारे म्हणाले, "ह्या बावळटाला बी कोनी बाप असंल!" सारे हसले. राठोडही हसले.

मी म्हटले, शब्द तोच आहे.

१६ फेब्रुवारी
ईशाचा निरोप. कार्यक्रमानंतर व्यासपीठावर माझी मुलाखत. मुखवट्याचा प्रश्न ती विचारणारच.

असत्य बोलणार नाही. मौनाचा अर्थ लोक आपल्याला हवा तसा लावतात. टाळाटाळ म्हणजे मौनाचाच एक ओंगळ प्रकार. तेव्हा उरते ते —

राठोड येणार नाहीत, एवढे बरे.

१८ फेब्रुवारी
रा. आले होते. कमळाबाईंनीच आणले, "सगळा तांडा चालला, तुमीच काहून न्हाई?" ते मागे भिंतीला टेकून उभे, मफलर नाकापर्यंत. त्यात ते मुखवट्यापेक्षा अधिक ओळखू येत होते. क. माझ्या शेजारी, बायकांच्या रांगेत.

सभागृह हसून हसून लोळले. "ओ काका, चड्डी आत घाला!" तर्कासुराच्या अनुमानाला एक टाळी मिळाली, ती बहुधा माझ्या जुन्या विद्यार्थ्याची. मग तांबडा पीतवीर आला. ईशा ध्वनिक्षेपकावरून शोकाचा सिद्धान्त मांडू लागली. क. पडद्यावरची नजर न काढता मला म्हणाल्या :

"शोक न्हाई, बाई. सोडा व्हता त्यो."

"काय?"

"धुन्याचा सोडा. एक दिस घरी आले तं डरेस घामाचा वास मारून राहिला व्हता. ट्रेनिंगमधला कवायतीचा हाय मनले, मी टाकला सोड्यात. हळदीचा हाय हे मला काय ठाऊक! लाल झाला तशी घाबरले. सरकारी कापड. गप घडी घालून ठिवलं. त्यांनी बी इचारलं न्हाई."

पडद्यावर लाथ बसली. लोक हसले. त्याही हसल्या, मग पुढे :

"अन् मग टीव्हीवर पाहते तं काय! मांडीवर लेकरू, अन् समोर माझा सोडा उडून राहिला."

"म्हणजे तुम्हाला तेव्हापासून..."

"व्हय. आधी लई राग आला. मग ते ढगात शिंकले ना, तसं हसू फुटलं. मनलं, सांगतील कवातरी. वाट पाहून राहिले." मग : "तुमी सांगू नका त्यांना. ज्याचं त्यानं सांगावं."

मी मान हलवली.

मग व्यासपीठ. ईशाने विचारलेच. मी म्हटले, "ठाऊक आहे. सांगणार नाही." टाळ्या पडल्या. उत्तर एवढे साधे होते. भिंतीकडे पाहिले : मफलर हनुवटीखाली उतरला होता.

हिंगोलीला परतताना बसमध्ये कारण नसताना खिडकी उघडून बसले.

१९ फेब्रुवारी
रा. म्हणतात, तिला सांगू नका. क. म्हणतात, त्यांना सांगू नका. दोन्ही विनंत्या पृथक् घेतल्या तर निर्दोष. एकत्र घेतल्या तर निष्पत्ती ही, की एक माणूस अस्तित्वातच नसलेल्या गोष्टीला मरेपर्यंत भीत राहणार आणि ते मी पाहत राहायचे.

मान हलवणे हे वचन होते का? पळवाट शोधते आहे. होते.

२१ फेब्रुवारी
रा. आले. हिरव्या हरभऱ्याचे ढाळे आणले. "वाचलो, बाई. तुमी बराबर जवाब दिला."

"राठोड, घरी जाऊन सांगून टाका."

"काहून?"

"कारण देणार नाही."

माझ्याकडे पाहतच राहिले. "तुमी? अन् कारन देनार न्हाई? बाई, तर्कासुर बी कारन देत व्हता."

खरे आहे. हेतूवाचून, म्हणजे कारण न देता, प्रतिज्ञा मांडली म्हणून आयुष्यभर पोरांचे गुण कापले. आज मीच तशी मांडली आणि वर चहा ओतला. त्यांनी तो अर्धाच घेतला. पायरीवर चप्पल घालताना एकदा मागे वळून पाहिले. मी दार लावून घेतले. माझ्या चेहऱ्याचा भरवसा नव्हता.

२३ फेब्रुवारी
फोन नाही. कारण दिले असते तर —

ढाळे संपले.

२४ फेब्रुवारी
दोघेही आली. फाटकातच कळले. राठोड असे चालत होते, जणू खांद्यावरचे पोते कोणी तरी उतरवून घेतले आहे.

"सांगितलं, बाई. शेळीची धार काढून राहिली व्हती. वर बी पाहिलं न्हाई. मनते कशी, ‘सोडा लई टाकला व्हता का मी?’"

क. : "मग रडले."

"रडलो न्हाई. जुना कापूस असंल नाकात."

क. हसता हसता पदराने डोळे पुसू लागल्या. मीही हसले असावे. राठोड म्हणाले, बाईंचे दात आज पाहिले. मला हलके वाटले, इतके की त्याचे विश्लेषण करावेसे वाटले नाही.

रा.नी मग हळूच विचारले, "अन् पोरीच्या जल्माच्या वेळचं?"

क. लगेच म्हणाल्या, "ते म्या अजून माफ केलं न्हाई. ते येगळं ठिवलंय." आणि माझ्याकडे वळून, "बाई, तुमी जेवल्या का?"

जेवले नव्हते. त्यांनी भाकरी आणली होती. तिघांनी मिळून खाल्ली.

२७ फेब्रुवारी
क.च्या परवानगीने ईशाला सोड्याचे सांगितले. कोणाचा, ते नाही. म्हणाली, प्रकरण पुन्हा लिहावे लागेल, पण असे अधिक चांगले आहे. प्रबंधासाठी तिला मुखवट्यामागचे नाव हवेच आहे. रा. म्हणतात, आधी तांड्याला कळू दे, मग पुस्तकाला. आज संध्याकाळी ओट्यावर लोकांना बोलावले आहे. मुलगीही नांदेडहून येते आहे. तिच्या जन्माच्या वेळी बाप कुठे होता, हे तिला अजून माहीत नाही.

दुपारी फोन. "बाई, दोन वाक्यं लिहून द्या."

पीतवीराचा आवाज मुंबईच्या एका नटाचा होता. राठोडांनी ट्यूबच्या मुखवट्याआड नुसते ओठ हलवले. या माणसाने त्या मालिकेत एक शब्दही स्वतः उच्चारलेला नाही, हे मी पार विसरले होते. तरी नकार दिला.

"तर्कासुराला तं लिहून देत व्हत्या!"

"त्याला स्वतःचे असे काही सांगायचे नव्हते."

संध्याकाळ. आत्ता पुन्हा फोन आला. "मानसं बसली, बाई. आमची पोरगी म्होरंच बसली." मी काही बोलण्याआधीच तो तसाच चालू ठेवून खिशात टाकलेला दिसतो. ऐकत ऐकत लिहिते आहे. खुर्च्या सरकत आहेत. क. कोणाला तरी दटावत आहेत, "गप बसा की रं, बोलून राहिले ना ते!"

बोलत नाहीत अजून. घसा खाकरला.

पुन्हा खाकरला.