आत्याच्या हातावर थांबणारं घड्याळ

८ तारीख

चि. बारकीस आशीर्वाद.

नाही, मी घड्याळ पाण्यात बुडवलेलं नाही. आपटलं नाही, उशीखाली दाबलं नाही, उघडूनही बघितलं नाही. आधीच सांगते, म्हणजे विचारायला नको. घड्याळ बंद पडलंय. मंगळवारी समोरच्या शाळेतली मुलं घरी चाललेली आणि माझ्या हातावर अजून सकाळचे दहा.

मी तुला साफ सांगितलं होतं. घड्याळ रोज घालायचंय, मिरवायचं नाही. आकडे मोठे, काटे काळे, पट्टा चामड्याचा. सेलचं नको, कारण सेल संपला की दुकान शोधत कोण फिरणार. चावीचं नको, कारण रोज उठून घड्याळाची सेवा करायला मी रिकामी नाही. तू म्हणालीस, या दोन्ही कटकटी नसलेलं, हातावर बांधलं की आपोआप चालणारं मिळतं. आपोआप बंदही पडतं, हे दुकानदाराने सांगितलं नाही वाटतं. गोड बोलून तुझ्या गळ्यात मारलंय. दिवसभर लोकांना चष्मे लावतेस, आणि समोरचा चोर दिसला नाही?

मला घड्याळाची हौस नव्हती. तूच म्हणालीस, आत्या सारखी बाहेर असते, तिच्या हाताला घड्याळ पाहिजे. ते मात्र खरं. सकाळी लॉन्ड्रीत चक्कर असते. रिटायर झाले तरी मुकादम ती मुकादम. नव्या पोरी इस्पितळाच्या चादरींच्या घड्या कशा घालतात ते बघितलं की माझे हात शिवशिवतात. मग बाजार, मग बागेत फेऱ्या. घरी बूड टेकायला मिळत नाही.

तेव्हा तुझ्या बापाला सांग, मागची खोली माझ्यासाठी अडवून ठेवू नकोस. तिच्यात सायकली ठेव. माझ्या दोन खोल्या आणि मी, आमचं बरं चाललंय. हातपाय चालतात तोवर मी इथून हलणार नाही, हे त्याने कबूल केलंय. त्याला विसरू देऊ नकोस.

घड्याळ पार्सलने पाठवतेय. लोभ आहेच, तो लिहून वाढत नाही.

तुझी आत्या


१९ तारीख

ती. आत्यास सा. न. वि. वि.

पार्सल मिळालं. घड्याळ इतक्या फडक्यांत गुंडाळून वर टाके घातले होतेस की बाबा म्हणाले, आत पेशंट आहे का बघ.

दुकानदाराने भिंग लावून सगळं तपासलं. काही बिघाड नाही म्हणाला. तुझा निरोप मी जरा धुऊन दिला, चोर हा शब्द तेवढा गाळला. थोडे दिवस वापरून बघा असं त्याने सांगितलं, म्हणून मी ते बांधून कामावर गेले. काचा घासताना, फ्रेम वाकवताना, बसमध्ये दांडीला लटकताना, एकदाही थांबलं नाही. मला वाटतं ते तुला घाबरतं. तू आलीस की लॉन्ड्रीतल्या पोरी जागच्या जागी उभ्या राहायच्या ना, तसंच याचं होत असेल.

बाबांनी मागच्या खोलीला रंग दिला. सायकली ठेवायचा निरोप सांगितला तर हसले आणि ब्रश बुडवून दुसरा हात द्यायला लागले. पण कबूल केलेलं विसरलेले नाहीत. ताईचे हातपाय चालतायत तोवर मी तिला ओढून आणणार नाही, असं परत म्हणाले. चालत नाहीत असं कळलं तर मात्र त्याच दिवशी टेम्पो घेऊन जाईन, असंही म्हणाले.

मीच एकदा येईन म्हणते. पण रजा मागितली की मालकाचं तोंड होतं एवढंसं, आणि तू तरी घरी कुठे सापडणार!

घड्याळ परत पाठवते. रागावलीस तरी चालेल, पण पत्र भरभरून लिही. माया आहे तशीच ठेव.

तुझी बारकी


२८ तारीख

चि. बारकीस आशीर्वाद.

परत बंद. दोन दिवस नीट चाललं आणि मग मान टाकली. तुझ्या हातावर चालतं आणि माझ्या हातावर मरतं, म्हणजे माझ्या हाताला काय रोग झालाय? या हातांनी अख्ख्या इस्पितळाचं रक्त धुतलंय.

तू निरोप धुऊन देतेस, म्हणून या खेपेला मीच दुकानदाराला लिहिलं. डब्यावर पत्ता होता. साधं कार्ड टाकलं, पाकीट चिकटवत बसायला वेळ कुणाला आहे. तुम्ही चोर आहात, बाईमाणूस बघून जुना माल खपवता, असं लिहिलं. पोस्टमनपासून तुमच्या गिऱ्हाइकांपर्यंत ज्याला वाचायचंय त्याने हे खुशाल वाचावं, असंही खाली लिहिलं. आता बघ कसा सुतासारखा सरळ होतो.

जास्त लिहीत नाही, बाहेर जायचंय. सगळ्यांना विचारलंय म्हणून सांग.

आत्या


६ तारीख

ती. आत्यास सा. न.

हे पत्र घरी लिहीत नाहीये. आमचं चष्म्याचं दुकान बंद झाल्यावर काउंटरवर बसून लिहितेय, म्हणजे बाबा पाठीमागून वाचणार नाहीत.

घड्याळवाल्याची माफी मागायला गेले होते. तुझं कार्ड त्याच्या नोकराने गिऱ्हाइकांसमोर मोठ्याने वाचलं होतं. तरी तो चिडला नव्हता. त्याने मला बाजूला घेतलं आणि हळूच विचारलं की आत्याबाई आजारी असतात का. मला हसूच आलं. मी मोठ्या तोऱ्यात तुझा सगळा दिवस सांगितला, लॉन्ड्री, बाजार, बाग. तो ऐकत होता, पण हसत नव्हता. मग त्याने तसलंच एक घड्याळ उघडून दाखवलं. आत एक अर्धगोल वजन असतं. हात हलला की ते फिरतं, आणि ते फिरलं की घड्याळाला आपोआप चावी मिळते. हिंडत्याफिरत्या माणसाच्या हातावर ते कधी थांबत नाही. अंथरुणावरच्या, नाहीतर दिवसभर खुर्चीत बसलेल्या माणसाच्या हातावर थांबतं, आणि त्यात घड्याळाची काही चूक नसते. एवढं सांगून तो दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळला. मला तोंड लपवायला वेळ मिळावा म्हणून वळला असेल.

आत्या, मी तुला खोटं पाडायला लिहीत नाही. मला लाज माझी वाटते. तू बाहेर फिरतेस म्हटलं की मला यायची गरज उरत नव्हती. म्हणून ते सगळं मला खरं वाटत होतं. मालकाचं तोंड वगैरे सगळी नुसती सांगायची कारणं होती.

बाबांना अजून काही बोलले नाही. घड्याळ खराब निघालं एवढंच सांगितलंय. हवं तर तुला सेलचं घेऊन देते. ते कुणाच्याही हातावर चालतं, आणि कुणाबद्दल कुणाला काही सांगत नाही. फक्त काय झालंय ते लिही. नाही लिहिलंस तर बाबांपासून किती दिवस लपवायचं, ते मला एकटीला ठरवता येणार नाही.

रागाव, पण तोडू नकोस.

बारकी


२१ तारीख

चि. बारकीस,

तुझं पत्र वाचून साखरेच्या डब्याखाली ठेवलं, काढलं, परत ठेवलं. आता लिहिते ते एकदाच.

तुझं घड्याळ यायच्या आधीच लॉन्ड्रीच्या फाटकात पडले. पाय घसरला. हाड मोडलं नाही, रक्त आलं नाही, काही नाही. पण सगळ्या पोरी कामं टाकून बाहेर आल्या. याच पोरींवर मी वर्षानुवर्षं ओरडलेय, पाय उचला, म्हाताऱ्या झालात का, म्हणून. एकही हसली नाही. हसल्या असत्या तर उठून एकीला ठेवून दिली असती. दोघींनी मला दोन टोकांना धरून उचललं, ओली चादर उचलतात तसं, आणि ढकलगाडीत घालून घरी आणून सोडलं. मळक्या कपड्यांच्या गाडीत. लोक बाजूला होऊन वाट देत होते.

तेव्हापासून जिना उतरले नव्हते. वाणी सामान वर पाठवत होता, त्याचाच पोऱ्या माझं टपाल टाकत होता. पायांना काही झालेलं नाही. पण वरच्या पायरीवर उभं राहिलं की तोंडावर कुणी ओलं फडकं दाबल्यासारखं व्हायचं, आणि मी परत खुर्चीत. खोटं का लिहिलं ते तुला कळलंच असेल. तुझा बाप माझ्यासाठी भिंतींना दुसरा हात देतोय. प्रेमाने देतोय, म्हणून तर भीती. एकदा त्या खोलीत गेले की मी तिथली जपून ठेवलेली कपबशी.

आता पुढचं सांगते, नाहीतर समोरच्या टेलरकडून कळेल. तुझं पत्र वाचून मी घड्याळ बांधलं, खिडकीत बसले आणि हात हलवत राहिले. घड्याळाला फसवत होते. टेलरला वाटलं मी त्याला बोलावतेय. मशीन सोडून, जिना चढून, धापा टाकत आला. काय हवंय म्हणून विचारायला लागला. माश्या हाकलतेय म्हटलं. दुसऱ्या दिवशी हलवला तर परत आला, माझ्यासाठी दांडीला कापड शिवून माश्या मारायचं फडकं घेऊन. कापड नवं होतं, कडेला शिलाई घातलेली. ते हातात घेतलं आणि धरणीने पोटात घ्यावं असं झालं. खुर्चीत बसून घड्याळाला फसवणारी बाई मी, आणि चोर कुणाला म्हणाले? तेही उघड्या कार्डावर.

तिसऱ्या दिवशी तो यायच्या आत मीच खाली गेले, बाबा रे, आता येऊ नकोस म्हणून सांगायला. जिना बसून उतरले. ते त्या टेलरशिवाय कुणी बघितलेलं नाही, आणि त्याने मशीनमध्ये मान घातली.

घड्याळवाल्याला माफीचं लिहिलंय. पाकिटात नाही, कार्डावरच. पहिलं ज्यांनी वाचलं त्यांनी हेही वाचावं. त्याच्या नोकराला म्हणावं, तेवढ्याच मोठ्याने वाच.

सेलचं घड्याळ घेऊ नकोस. काही न सांगणारं घड्याळ कशाला हवंय? गप्प बसायला मी आहे की. रोज घालायला हेच राहू दे. तुझ्या बापाला मी स्वतः लिहीन. ते पत्र जाईपर्यंत थांब, एवढं माझ्यासाठी कर. टेम्पो आला तर मी खिडकीतून बघेन आणि दार उघडायचं की नाही ते तेव्हा ठरवेन. आणि तुला यायचं असेल तर ये, पण कळवून ये. मी घरी नसले तर टेलरकडे किल्ली असेल.

घड्याळ आज सकाळीही चालू होतं. हात हलवून नाही. कुठे जाते, किती लांब जाते, फाटकापर्यंत गेले का, त्या पोरींनी बघितलं का आणि बघून काय केलं, हे विचारू नकोस. मी सांगणार नाही.