एकटा पडलेला आकडा

३ मार्च
बायकोला सातवा लागला आणि रक्तदाब दीडशेवर गेला. डॉक्टरीणबाईंनी कागदावर चित्र काढून सांगितलं. बाळाला पोसणाऱ्या वारेकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्या हव्या तेवढ्या रुंद झाल्याच नाहीत. तिथे प्राणवायू नीट पोचत नाही, लोखंडावर गंज चढावा तसं काहीतरी होतं — ते रक्तात उतरून अंगभर रक्तवाहिन्यांचं अस्तर खराब करतं. मग त्या आवळतात. "गोळीने दाब उतरेल, पण मूळ वारेत आहे. बाळंतपणाशिवाय जाणार नाही. बाळ आत राहील तेवढं बरं, पण एकशेसाठ दिसला की निघायचं. दोन्ही वेळा मोजा. दिसेल ते लिहा."
यंत्र आणलं. वही आखली.

६ मार्च
तीनदा मोजतो. १४८, १६२, १४६. मधला एकटाच वर — तिने हात हलवला असणार. कारखान्यात मी दाबाचे काटे तपासतो. तिथे मिस्त्रींचा नियम — तिघांतला एकटा पडलेला सोड, उरलेल्या दोघांची सरासरी धर. वहीत १४७.
बायको म्हणाली, "माझा दंड म्हणजे तुमचा बॉयलर आहे का?" चेहरा सुजल्यासारखा वाटला. सासूबाई म्हणाल्या, "सुजलाय कुठे, भरलाय."

१० मार्च
१५०, १६६, १५२. नियमाप्रमाणे १५१.

११ मार्च
तपासणी. तिथेही दीडशेच आला. डॉक्टरीणबाईंनी वही चाळली. "अक्षर छान आहे हो. दाब स्थिर आहे, अजून आठवडा काढू." घरी येईपर्यंत हलकं वाटत होतं.

१३ मार्च
सकाळी १७४, १७८, १७६. सोडायला एकही नाही.
गाडीत तिला झटके आले. पोट चिरून मुलगी काढली. नऊशे ग्रॅम.
डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "एकदम चढला?" मी खिशातला कच्चा कागद दिला. तिन्ही-तिन्ही आकडे होते त्यावर. त्यांनी दोनदा वाचला. "यंत्र चुकत नव्हतं. तिचा दाबच तसा उडत होता. हे दिसलं असतं तर परवाच ठेवून घेतलं असतं."

१४ मार्च
मुलगी गेली. अकरा तास.

१६ मार्च
बायको आज बोलली. "आठवडाभर डोळ्यांपुढे ठिणग्या दिसायच्या. दवाखान्यात ठेवतील म्हणून तुम्हाला सांगितलं नाही. माझ्यामुळेच गेली ना ती?"
मी तिचा हात धरून बसलो. कच्च्या कागदाचं तिला सांगितलं नाही.