हौदाशेजारची पहिली जागा

प्रति,
मा. परवाना अधिकारी साहेब
(टांगे, छकडे व हातगाड्या),
नगरपालिका कचेरी, लातूर.

अर्जदारीण : केवळाबाई भ्र. लिंगैक्य सिद्धलिंग हालगे, वय अंदाजे साठ, धंदा टांगा, राहणार गंजाच्या मागे, लातूर.

विषय : गोलाईतील टांगा अड्ड्यावरची पहिली जागा अर्जदारीण हिला सरकारी हुकमाने परत मिळणेबाबत, तसेच पार्वतम्मा भ्र. शिवमूर्ती हालगे हिच्या दमणीचा बंदोबस्त होणेबाबत.

संदर्भ : १) अड्ड्यावरच्या जागा नव्याने लावून देण्याबाबत आपण दिलेली दवंडी.
२) अर्जदारिणीचा तोंडी अर्ज, जो आपल्या शिपायाने "मावशी, तोंडाचं इथं चालत न्हाई, लिहून आणा" म्हणून दारातूनच परत केला.

मेहेरबान साहेब,

अर्जदारीण दुसरीपर्यंत शिकलेली आहे. कचेरीपुढच्या अर्जनविसाकडे ती आधी गेली होती. त्याने निम्मा अर्ज ऐकून "बाई, हे काढा, हे काढा, यानं तुमचीच बाजू पडते" असे सुरू केले. बाजू पडो की राहो, जे आहे ते जावे म्हणून अर्ज स्वतःच्या हाताने लिहिला आहे. अक्षरास माफी असावी, मजकुरास नको.

१. अर्जदारिणीच्या घरचा टांगा निजामाच्या अमदानीपासून गोलाईत उभा राहतो. अड्ड्याची पहिली जागा, म्हणजे दगडी हौदाला लागून, लिंबाच्या सावलीतली, ही आधी सासऱ्याची, मग मालकाची आणि मालक गेल्यापासून अर्जदारिणीची. टांगा मुलगा मन्मथ हाकतो. लगाम त्याच्या हाती आणि तो अर्जदारिणीच्या हाती. गेल्या साली लातूर जिल्हा झाला, त्या दिवशी झेंडूच्या माळा घालून पहिला टांगा याच जागेवरून निघाला होता. आपण तेव्हा इथे बदलून आलेले नव्हता, म्हणून कळवले.

२. यंदा पाण्याची काय गत आहे ते साहेबांना माहीत आहे. हौदात टँकर दिवसातून एकदा येतो आणि अर्धा हौद करून जातो. अड्ड्याचा दस्तूर असा, की पहिल्या जागेचे जनावर आधी पिते, मग दुसऱ्या जागेचे. चौथ्या जागेला गाळ उरतो. म्हणजे ही जागा नुसत्या मानाची नाही. जिची जागा तिचे जनावर जगते.

चैतात अर्जदारिणीची घोडी शेवंता खंगायला लागली, सबब तिला माहेरी शिरूर अनंतपाळला नेले. तिथे भावाच्या विहिरीला तळाशी पाणी होते. बारा दिवस लागले. अड्ड्याचा आणखी एक दस्तूर आहे, तो लपवत नाही. आठ दिवस जागा रिकामी राहिली तर मागची गाडी पुढे सरते, मात्र शेजारच्या गाडीवाल्याला सांगून गेले तर तो जागा राखतो. अर्जदारिणीच्या शेजारची गाडी म्हणजे दीर शिवमूर्ती आणि त्याची बायको पार्वतम्मा. अर्जदारीण थोरली आहे. थोरलीने धाकटीला विचारून गावाला जावे असा दस्तूर कुठल्याच घरात नाही. म्हणून सांगितले नाही.

परत येऊन बघते तर पहिल्या जागेवर दमणी. आणि मन्मथाचा टांगा गेला चौथ्या जागेवर.

३. दमणी म्हणजे दोन बैलांची हलकी गाडी, वर कमानीचे छत, आत गादी. लेकीबाळी माहेरी आणायला वापरतात. ही दमणी पार्वतम्माच्या भावाची, उदगीरकडची. त्याची विहीर आटली, कडबा संपला, तेव्हा त्याने बैल आणि गाडी बहिणीकडे आणून सोडली, कारण इथल्या सरकारी चारा डेपोवर बैलाला कार्डावर कडबा मिळतो. घोड्याला मिळत नाही. नियम आहे, तक्रार नाही. शिवमूर्तीने स्वतःचे म्हातारे घोडे घरी बांधले आणि हे बैल बाजारात आणले.

गोलाईत आणखीही तऱ्हेतऱ्हेची वाहने आहेत. भुजंग हमाल धान्याच्या गंजात पोती नाहीत म्हणून हातगाड्यावर वाकळ टाकून म्हाताऱ्यांना देवीच्या दर्शनाला नेतो. एका गृहस्थाने सायकलीमागे लाकडी खुर्ची बांधली आहे. त्यांच्याबद्दल अर्जदारिणीचे काही म्हणणे नाही. त्यांच्यात कुणी सुखाने बसत नाही.

दमणीत बसतात. हीच तक्रार आहे.

४. जिल्हा झाल्यापासून साहेबलोकांची बिऱ्हाडे गावात आली. त्यांच्या घरच्या बाया बाजाराला निघतात आणि टांगा सोडून दमणीकडे वळतात. आपल्या घरच्या बाईसाहेबही दोनदा बसल्या, एकदा मुलांना घेऊन. आपण यात काही करू शकला नसता हे अर्जदारीण समजते.

छताला पार्वतम्माने आरशांची झालर लावली आहे, बैलांच्या गळ्यात घुंगरमाळा, उशांना नवे अभ्रे. शिवमूर्ती हाकतो आणि ही मागे बसून बोलते. गोलाईला सोळा रस्ते फुटतात. गावात नव्या आलेल्या माणसाला सोळाही सारखेच दिसतात. तर ही एकेक रस्ता दाखवून सांगते, "बाईसाहेब, ह्यो लग्नाचा रस्ता, शालू-पैठण्या हितं. ह्यो बारशाचा, पाळणे बघा टांगलेले. ह्यो भांडणाचा रस्ता, सगळे सोनार हितंच बसत्यात. आन् ह्यो म्हातारपणाचा, काढे आन् काठ्या." बाया हसतात, आणखी एक फेरा मारायला लावतात. काम एका रस्त्यावर असते आणि सोळा रस्ते बघून घरी जातात.

साहेब, ही नावे पार्वतम्माची नाहीत. अर्जदारीण लग्न होऊन आली तेव्हा मालकाने तिला टांग्यात पुढे बसवून, घोडी पायपाय चालवत, गोलाईचा फेरा मारला होता आणि ही सोळा नावे सांगितली होती. भांडणाच्या रस्त्याला टांगा मुद्दाम थांबवला होता. पुढे कधीतरी चुलीपुढे बसून भाकरी थापताना अर्जदारिणीनेच हे धाकटीला सांगितले. चूक झाली. चुलीपुढे सांगितलेले बाजारात विकायचे नसते, एवढे तिच्या माहेरी शिकवले नसावे. मन्मथाला म्हटले, तूही सांग नावे. तर तो म्हणतो, "आई, मला न्हाई जमत तसं. काकूच्या तोंडी गोड वाटतं." पोटचा पोरगा हे म्हणतो.

५. दमणीवर अर्जदारिणीच्या हरकती पुढीलप्रमाणे.

घुंगरमाळांच्या आवाजाने दुकानदारांचे मापात चुकते. आरशांच्या झालरीचा कवडसा डोळ्यात जाऊन पादचारी मनुष्य पडू शकतो, अजून पडलेला नाही. बैल गुळाच्या दुकानापुढे आपोआप थांबतात आणि दुकानदार त्यांना खडा देतो, ही लाच आहे. बाया रमतगमत फिरल्याने घरोघर स्वयंपाकाला उशीर होतो आणि कचेऱ्यांतले साहेबलोक दुपारी उपाशी बसतात, त्याचा कारभारावर परिणाम होत असावा. तसेच आपल्या परवान्यात टांगा आहे, छकडा आहे, हातगाडी आहे. दमणी कुठे आहे? नसेल तर ती रस्त्यावर दिसतेच कशी, हे तपासावे.

६. या सर्वाचा पुरावा म्हणून अर्जदारीण स्वतः दमणीत बसली. तोंडावरून पदर घेऊन, दुसरे लुगडे नेसून, भर बाजारच्या दिवशी. गोलाईला तीन फेरे झाले. अर्जात खोटे लिहिल्यास सजा होते असे अर्जनवीस म्हणाला, म्हणून लिहिणे भाग आहे की धक्का एकही बसला नाही. गुडघ्याचे दुखणेही तेवढा वेळ थांबले. उतरताना पार्वतम्मा हळूच म्हणाली, "अक्का, सावकाश. पायरी उंच हाय."

म्हणजे तिने पहिल्यापासून ओळखले होते आणि तीन फेऱ्यांत त्याबद्दल एक अक्षर बोलली नाही. असा तिचा स्वभाव आहे. समोरून भांडेल तर माणूस उत्तर देईल.

७. आता घोडीबद्दल. चौथ्या जागेवर शेवंताला गाळ मिळायचा. पहिले दोन दिवस तिने तोंड लावले नाही. तिसऱ्या दिवसापासून पार्वतम्मा आपल्या बैलांना पाजण्याआधी एक बादली भरून बाजूला ठेवते आणि टँकर गेला की ती बादली शेवंतापुढे आणून ठेवते. एक बैल त्यामुळे अर्धपोटी पितो, हे अर्जदारिणीने चार दिवस मोजून पाहिले. तिला म्हटले, "तुझ्या बैलाच्या तोंडचं कशाला देतीस? आमची घोडी काय भिकेला लागली?" तर म्हणाली, "घोडीला कुठं ठावं हाय अक्का, आपलं भांडण."

घोडी पिते. तिला लाज नाही. वासरू असल्यापासून, म्हणजे शिंगरू असल्यापासून, अर्जदारिणीने तिला हाताने हरभरा चारला, तिच्या बाळंतपणात रात्रभर बसली. आता पार्वतम्मा गल्लीच्या तोंडाशी दिसली की शेवंता कान टवकारून खिंकाळते. अर्जदारीण लगामाला धरून उभी असते तरी तिकडेच बघते. मालक गेले तेव्हा इतके मनाला लागले नव्हते असे नाही, पण हे वेगळ्या जागी लागले.

८. मूळ जागेबद्दल एक गोष्ट लिहायची राहिली. ती अर्जनवीस काढायला सांगत होता. बाराव्या दिवशी अर्जदारीण परत आली तेव्हा पार्वतम्मा दमणी काढायला लागली होती. म्हणाली, "अक्का, या की. तुमचीच जागा हाय. मी नुसती धरून ठेवली."

"धरून ठेवायला म्या सांगितलं होतं तुला?"

"न्हाई सांगितलं. म्हणून तर धरली."

शिवमूर्तीने बैल धरून मागे नेलेही. अड्ड्यावर सात-आठ माणसे बघत होती. त्यांच्यासमोर धाकटी थोरलीला जागा देणार, थोरली घेणार, आणि उद्यापासून सारी गोलाई म्हणणार, पार्वतम्माने दिली म्हणून केवळाबाई उभी आहे. अर्जदारिणीने मन्मथाला टांगा चौथ्या जागेवर लावायला सांगितला. देणारी ती कोण? जागा सासऱ्याची आहे. तेव्हापासून रोज सकाळी ती विचारते, "अक्का, सरकू का?" आणि रोज अर्जदारीण ऐकू आले नाही असे करते.

सबब विनंती अशी की,

(अ) दमणीचा परवाना असल्यास तो रद्द करावा. ते नियमात बसत नसल्यास, दमणी चौथ्या जागेवर लावावी. तिथे तिच्या बैलांचे पाण्याचे हाल होतील असे कुणी म्हणाल्यास, (इ) पाहावे.

(आ) सोळा रस्त्यांची नावे कै. सिद्धलिंग हालगे यांची आहेत असे कचेरीत नोंदवून घ्यावे. पार्वतम्माने ती घ्यायला हरकत नाही, पण घेताना "आमच्या थोरल्या भावजींनी ठेवलेली" एवढे म्हणावे.

(इ) वरचे दोन्ही न झाले तर निदान पार्वतम्माच्या नावे एक हुकूम काढावा, तो असा : "पहिली जागा केवळाबाई हिला देण्यात यावी, आणि हौदातील पहिली बादली शेवंता या घोडीस व दुसरी, तिसरी बैलांस पाजण्यात यावी. यात कसूर होऊ नये." शिक्का ठळक मारावा. पार्वतम्माला वाचता येत नाही, शिक्का ओळखते. हुकूम झाल्यास ती जे करते तेच करेल, पण मग ते सरकारने दिले असे होईल, आणि सरकारकडून घेण्यात कमीपणा नाही.

तोवर घोडी तिच्याच बादलीतून पिते. त्या वेळी अर्जदारीण देवळाच्या कळसाकडे बघत उभी राहते. ऊन रोज वाढत आहे आणि बादली संपायला पुष्कळ वेळ लागतो. या वयात तेवढा वेळ मान वर करून राहणे होत नाही. तरी हुकूम लवकर व्हावा.

आजवर कुणापुढे हात न पसरलेली, आपल्या हुकमाची वाट बघणारी,

केवळाबाई भ्र. सिद्धलिंग हालगे
(सही स्वतःची आहे)

लातूर, दि. ७ मे १९८३

सोबत :
१) टांग्याच्या परवान्याची नक्कल.
२) घोडी बारा दिवस शिरूर अनंतपाळ येथे होती, याबद्दल तेथील पोलीस पाटलाचा दाखला.
३) अड्ड्यावरच्या शेजारच्या गाडीवाल्याची संमती लागते असे आपल्या शिपायाने सांगितल्यावरून, पार्वतम्मा हिचा अंगठा. मन्मथ कोरा कागद घेऊन गेला होता. कशाचा आहे हे तिने विचारले नाही. फक्त "अक्काचं काम हाय ना?" एवढे विचारले, आणि उठवला.